पायाच्या शिरांची आयसोटोप तपासणी: करावी का? घरात लहान नातू आहे

शहापूरचा_माग | सोमवार, सकाळी ९:१२
नमस्कार मंडळी. बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ७१. सगळा जन्म मागावर उभं राहण्यात गेला, त्यामुळे पायाच्या शिरा फुगलेल्या आहेतच. आमच्या गल्लीत हे घरटी एकाला आहे, त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. पण मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर डावा पाय मांडीपासून सुजला. डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) केलं. मांडीत आणि गुडघ्यामागे गुठळी दिसली नाही, पण ओटीपोटातल्या शिरा गॅसमुळे नीट दिसल्या नाहीत, असं रिपोर्टात लिहिलंय. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत. जिना चढला की धाप लागते. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं आहे म्हणून डाय घालून सीटी नको, असं डॉक्टरांचं मत.
आता त्यांनी सुचवलंय की दोन्ही पावलांच्या शिरांतून किरणोत्सारी औषध सोडायचं, ते पायातून वर चढताना फोटो काढायचे आणि लगेच फुप्फुसांचेही काढायचे. बाबा 'अणुबाँबचं औषध नको' म्हणून हटून बसलेत. आईचा प्रश्न वेगळाच, घरात दीड वर्षाचा नातू आहे, त्याला कुठं ठेवायचं? कुणी ही तपासणी केली आहे का? खरंच गरजेची असते का?

येळ्ळूरचा_गडी | सोमवार, ९:३०
रात्री पाय चमकूलेत काय बघ, तेवढंच लाईट बिल वाचंल :)
गमतीचं सोड. बाबांना लवकर बरं वाटू दे. आमच्याकडं कुणी केलेली नाही, पण वाचूलोय.

निपाणीची_ताई | सोमवार, १०:०५
माझ्या सासूबाईंची झाली आहे. पाय हत्तीसारखा सुजला होता. पायाच्या बोटांच्या बेचक्यात बारीक सुई टोचून औषध घातलं आणि यंत्राखाली झोपवलं. मग थोडं चालायला लावलं, पुन्हा झोपवलं. दोन-तीन तास गेले. दुखतं म्हणाल तर बेचक्यातली सुई चांगलीच झोंबते, त्यांनी नर्सला शिव्या घातल्या. बाकी काही नाही. संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापल्या.

क्ष_किरण | सोमवार, १०:४०
कोल्हापुरात रेडिओलॉजी करतो. तीन गोष्टी सांगतो.
शहापूरचा_माग, आधी सगळ्यात महत्त्वाचं. धाप अचानक वाढली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडले, तर धाग्यावर उत्तराची वाट बघू नका. सरळ कॅज्युअल्टी गाठा. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली की ती तासांची गोष्ट असते.
निपाणीच्या ताईंच्या सासूबाईंची तपासणी शिरांची नव्हती. ती लसीकावाहिन्यांची, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची. औषध बेचक्यात कातडीखाली घालतात आणि ते लसीकेबरोबर जांघेतल्या गाठींपर्यंत चढतंय का ते बघतात. इथे औषध थेट पावलावरच्या शिरेत जातं. आयसोटोप, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ, दोन्हीकडे बहुधा तोच, टेक्नेशियम ९९एम. कशाला चिकटवून देतात, त्यावर तो कुठे जाणार ते ठरतं.
तिसरं माझं मत. पायाच्या शिरांसाठी आयसोटोप व्हेनोग्राफी (हीच तपासणी) आता जवळजवळ इतिहासजमा आहे. डॉप्लर सोपं, स्वस्त, किरणांशिवाय आणि हवं तेव्हा पुन्हा करता येतं. एवढ्यासाठी बाबांना शंभर मैल न्यायचं का, हे डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा.

खानापूरचा_जंगली | सोमवार, ११:१५
सूज असेल तर आमच्याकडं एक वैद्य हाय. करंजेल तेल कोमट करून खालून वर चोळतो, आठ दिवसांत पाय उतरतो. जळवा पण लावतो. बघा एकदा.

क्ष_किरण | सोमवार, ११:१८
नको! गुठळीचा संशय असलेला पाय चोळायचा नसतो. चोळताना गुठळी सुटू शकते. आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असताना जळवा? कृपा करा.

खानापूरचा_जंगली | सोमवार, ११:२५
आसू दे की ओ डॉक्टर, चांगल्यासाठीच सांगितलं. लचकलेल्या पायाला मात्र तो वैद्य भारी हाय.

गॅमामामा | सोमवार, दुपारी २:००
मी परळला न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. आता निवृत्त होऊन हिंडलग्याला असतो. हाताला अजून शिशाचा डबा उचलायची सवय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
हे कसं करतात ते आधी. पेशंटला आडवं झोपवतात. दोन्ही घोट्यांवर रबरी पट्टा आवळतात, म्हणजे कातडीखालच्या वरवरच्या शिरा दाबल्या जातात आणि औषधाला खोल शिरांतूनच जावं लागतं. दोन्ही पावलांच्या पाठीवरच्या शिरेत बारीक सुया. दोन्हीकडून एकाच वेळी औषध सोडायचं आणि औषधाचे किरण टिपणारा गॅमा कॅमेरा पायापासून पोटापर्यंत सरकवत न्यायचा. पोटरी, गुडघा, मांडी, जांघ, ओटीपोट, मग पोटातली मोठी शीर. मग पट्टे सोडून पुन्हा एक फेरी, कधी पाऊल वर-खाली हलवायला सांगून. शीर मोकळी असेल तर सलग रेघ दिसते. अडलेली असेल तर रेघ तुटते आणि आजूबाजूच्या आडवाटेच्या शिरा उजळतात. कधी कधी पाय हलवल्यावरही एखादा डाग तिथेच चिकटून राहतो, तोही गुठळीचा संशय वाढवतो.
आता फुप्फुसाचं. हे औषध म्हणजे टेक्नेशियम लावलेले अल्ब्युमिनचे बारीक कण. साधारण १० ते ९० मायक्रॉनचे. पायातून हृदयात, हृदयातून फुप्फुसात जातात आणि तिथल्या केशवाहिन्यांत अडकतात. घाबरू नका, हजारात एकही वाहिनी अडत नाही आणि काही तासांत कण विरघळून जातात. फुप्फुसाच्या ज्या भागात रक्त पोचत नाही तो भाग चित्रात कोरा राहतो. म्हणजे एकाच औषधात पायाच्या शिराही बघून होतात आणि फुप्फुसंही. क्ष_किरण डॉक्टर, नुसत्या पायासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण इथे धाप आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे आणि डॉप्लरला नेमकं ओटीपोटच दिसलेलं नाही. फुप्फुसाचा स्कॅन करायचाच आहे तर सुई हाताऐवजी पायात टोचायला काय हरकत आहे?

कारवारी_बांगडा | सोमवार, २:२०
मामा, हे टेक्नेशियम आमच्या कैगाच्या अणुवीज केंद्रातून येतं का? मग आम्हाला डिस्काउंट मिळायला पाहिजे!

गॅमामामा | सोमवार, २:४५
नाही. कैगा विजेसाठी. औषधाचा मॉलिब्डेनम-९९ संशोधन अणुभट्टीत तयार होतो, आपल्याकडे तुर्भ्याला ध्रुवमध्ये. बाहेरूनही येतो. २००९ साली कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी वर्षभराहून जास्त बंद राहिली, तेव्हा जगभर टेक्नेशियमचा तुटवडा पडला होता.
मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ६६ तास, टेक्नेशियम ९९एमचं ६ तास. म्हणून टेक्नेशियम बाटलीत भरून पाठवत नाहीत. चोवीस तासांत त्याचा सोळावा हिस्सा उरतो. मॉलिब्डेनम भरलेला जनरेटर पाठवतात. त्यात टेक्नेशियम आपोआप तयार होत राहतं, रोज सकाळी सलाइन सोडून ते काढून घ्यायचं. धंद्यात त्याला गाय म्हणतात. सकाळी विभागात पहिला प्रश्न 'गाय दुहिली का?' दुहिल्यावर साधारण एका दिवसात पुन्हा भरते. पण आठवड्यात मॉलिब्डेनम सहाव्या हिश्श्यावर येतं, गाय आटते आणि नवा जनरेटर लागतो.
आमच्या सुरुवातीच्या काळात जनरेटर असा सुटसुटीत नव्हता. मेथिल इथिल कीटोन नावाचं द्रावक घालून टेक्नेशियम वेगळं काढायचो. थिनरसारखा वास. घरी गेलो की बायको विचारायची, आज रंगकाम केलंत काय?

बाची_नाका | सोमवार, ३:१०
म्हणजे जनरेटर मुंबईहून येताना महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडतो? आपल्याकडे सीमाप्रश्नाच्या महामेळाव्याला येणारे नेते तिथं अडवतात आणि किरणोत्सर्ग बिनधास्त सोडतात?

येळ्ळूरचा_गडी | सोमवार, ३:१२
त्याला कळतंय कनी, सहा तासांत निम्मा होणार, अडवून काय करणार. प्रश्नाचं अर्धायुष्य १९५६ पासून चालू हाय, ते काय कमी होईना.

संपादक_मंडळ | सोमवार, ३:३०
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. इथे शिरा. धन्यवाद.

सदलगेकर | सोमवार, संध्याकाळी ५:००
एक शंका. अल्ब्युमिन म्हणजे अंड्यातलं ना? आमच्या आईचीही अशी तपासणी सांगितली आहे (फुप्फुसाची) आणि ती अंड्याच्या वाटेला जात नाही. सुईतून चालतं की नाही म्हणून दोन दिवस घरात चर्चासत्र चालू आहे.

गॅमामामा | सोमवार, ५:२०
अंड्यातलं नाही. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन, तपासून घेतलेलं. तुमच्या आईच्या अंगात ते आताही भरपूर आहे.

सदलगेकर | सोमवार, ५:२५
आईला सांगितलं. म्हणाली, 'अंडं बरं होतं.' आता नवीन चर्चासत्र.

घाटमाथा | सोमवार, रात्री ८:४०
मामांचा आदर ठेवून एक आक्षेप. सहा तासांत निम्मं, सहा तासांत निम्मं, हे सगळे सांगतात. पण ते निम्मं होऊन काय होतं ते कुणी सांगत नाही. टेक्नेशियम ९९एम संपून टेक्नेशियम-९९ होतं, आणि त्याचं अर्धायुष्य २ लाख वर्षांहून जास्त आहे. म्हणजे औषध शरीरात राहतंच ना? लोकांना अर्धी गोष्ट सांगितली जाते. आमच्या भागात कुठलीही नवीन गोष्ट आली की 'काही होत नाही' हेच ऐकायचं, मग ते युरेनियम असो नाहीतर कारखान्याची मळी.

गॅमामामा | सोमवार, ९:३०
आक्षेप चांगला आहे, टाळायचा नाही. हिशेबच करू.
पेशंटला दिलं समजा २०० मेगाबेकरेल. म्हणजे सुरुवातीला दर सेकंदाला २० कोटी अणू आपली ऊर्जा सोडतात. सगळे अणू टेक्नेशियम-९९ झाले असं धरलं, आणि एकही लघवीवाटे बाहेर गेला नाही असंही धरलं, तर अणूंची संख्या तेवढीच राहते. पण आता ते २ लाख ११ हजार वर्षांच्या अर्धायुष्याने फुटणार. ६ तास आणि २ लाख ११ हजार वर्षं यांचं गुणोत्तर काढा, साधारण तीस कोटीला एक. म्हणजे २० कोटी भागिले ३० कोटी. सेकंदाला एकसुद्धा नाही.
तुमच्या-माझ्या अंगात जन्मापासून पोटॅशियम-४० आहे, खाण्यातून येतं. ते सेकंदाला ४ हजारांच्या वर फुटतं. फार काळ टिकतं याचा अर्थ फार हळू फुटतं. धोका असतो तो मधल्यांचा, आयोडीन-१३१ सारख्या आठ दिवसवाल्यांचा. म्हणून त्यांचे नियम कडक असतात.
मळीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे.

घाटमाथा | सोमवार, ९:५०
हिशेब तपासला, बरोबर येतोय. पण हेच पेशंटला कागदावर का देत नाहीत? माझा मूळ राग तो आहे.

उद्यमबाग_फौंड्री | मंगळवार, सकाळी ७:१५
कागदावरून आठवलं. आमच्या मोठ्या भावाच्या वेळी एका रुग्णालयात संमतीपत्र आलं, कन्नड आणि इंग्रजीत. भाऊ सातवी शिकलेला, तेही मराठी शाळेत. 'सही करा' म्हणाले, त्यानं केली. त्याच वॉर्डातली कन्नड नर्स मात्र खाली बसून आमच्या मोडक्या कन्नडला आणि तिच्या मोडक्या मराठीला सांधत दहा मिनिटं समजावत होती. कागद करणाऱ्यानं तेवढे कष्ट का घेऊ नयेत?
आणि एक, तासन् तास भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांनी घट्ट मोजे वापरावेत काय? माझ्या पोटरीच्या शिरा निळ्या दोऱ्यांसारख्या वर आल्यात.

क्ष_किरण | मंगळवार, ८:००
फुगलेल्या वरवरच्या शिरा आणि खोल शिरेतली गुठळी हे दोन वेगळे आजार. व्हेरिकोजमध्ये शिरेतली झडप गळते, रक्त उलटं खाली येतं, सूज संध्याकाळी वाढते आणि पाय वर केला की उतरते. त्याला मोजे उपयोगी, पण आधी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्या. विशेषतः विडी ओढत असाल तर. एकाच पायाची अचानक आलेली, दुखरी सूज असेल तर गुठळीचा विचार करायचा.
शहापूरच्या बाबांना दोन्ही असू शकतं. उभ्या धंद्याच्या शिरा जुन्या, गुठळी ऑपरेशननंतरची. खुब्याच्या ऑपरेशननंतर हा धोका मोठा असतो.

इतिहासप्रेमी_कडोली | मंगळवार, ९:१०
डॉक्टरांनी ऑपरेशनचा उल्लेख केला म्हणून. ऑपरेशननंतर पोटरीत गुपचूप गुठळ्या होतात हे मोठ्या प्रमाणावर कळलं तेच मुळी आयसोटोपमुळे. १९६० आणि ७० च्या दशकात फायब्रिनोजेन नावाच्या रक्तातल्या प्रथिनाला आयोडीन-१२५ लावून ऑपरेशनच्या पेशंटना देत. गुठळी तयार होताना ते प्रथिन त्यात विणलं जातं. मग पायावर पेनाने खुणा करून रोज हातातल्या मोजणी यंत्राने मोजायचं, जिथं आकडा चढला तिथं गुठळी. लंडनला विजय कक्कर या भारतीय वंशाच्या सर्जननी हे खूप वापरलं. सूज नाही, दुखणं नाही आणि तरी गुठळी आहे, असे कितीतरी पेशंट निघाले. त्यातून ऑपरेशनआधी रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनचे लहान डोस द्यायची कल्पना पुढे आली. १९७५ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यामुळे फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले.
ती तपासणी नंतर बंद पडली. प्रथिन माणसाच्या रक्तातून काढलेलं असल्याने विषाणूंची भीती, शिवाय मांडीच्या वरच्या भागात आणि ओटीपोटात ती कुचकामी. आयोडीन-१२५ चं अर्धायुष्यही ६० दिवस. पण आज बाबांना पोटात जी इंजेक्शनं टोचताहेत त्यांच्यामागे ते पेनाच्या खुणा केलेले पाय आहेत.
त्याच्याही आधी १९२० च्या दशकात बोस्टनमध्ये हर्मन ब्लुमगार्ट यांनी रेडॉनपासून मिळणारं द्रव्य एका हाताच्या शिरेत सोडून दुसऱ्या हातात पोचायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. माणसाच्या रक्तप्रवाहात आयसोटोप सोडण्याची सुरुवात तिथली.

निपाणीची_ताई | मंगळवार, ९:४०
कडोलीकर, मस्त माहिती. आणि डॉक्टर, बरोबर आहे तुमचं, सासूबाईंच्या रिपोर्टवर लिम्फो असं काहीतरी लिहिलंय.

सीमावासी_चिकोडी | मंगळवार, ११:००
खर्चाचं कुणी बोलेना म्हणून विचारतो. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, तिच्यात ही बसते का? की कर्नाटकच्या कार्डावर? आमच्याकडे दोन राज्यं आहेत आणि पेशंट एकाही खिडकीत बसत नाही, असा अनुभव आहे.

उद्यमबाग_फौंड्री | मंगळवार, ११:२०
नुसत्या तपासणीला योजना बहुतेक हात लावत नाही, दाखल असेल तर बघतात. जाण्याआधी रुग्णालयाच्या योजना कक्षात फोन करा, आणि कोण काय बोललं त्याचं नाव लिहून ठेवा. हे मी पैसे घालवून शिकलोय.

गॅमामामा | मंगळवार, ११:३५
फोन करताना अजून एक विचारा. 'तुमच्याकडे न्यूक्लिअर मेडिसिन आहे का' एवढं पुरत नाही. बऱ्याच ठिकाणी पेट-सीटी असतं, गॅमा कॅमेरा नसतो. पेटला फ्लोरिन-१८ लागतं, त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, ते यंत्रही वेगळं. विचारायचं ते असं: गॅमा कॅमेरा चालू आहे का, फुप्फुसाचा परफ्यूजन (रक्त कुठे पोचतं ते बघणारा) स्कॅन करता का, आणि पायातून औषध देऊन शिरांचे फोटो घेता का. तिसऱ्याला बरेच जण 'पूर्वी करायचो' म्हणतील. आणि औषध त्या दिवशी येणार आहे का, तेही. जनरेटर उशिरा आला म्हणून परत गेलेले पेशंट मी खूप पाहिलेत, त्यात खेड्यातून रात्रीची एसटी पकडून आलेले जास्त.

बाची_नाका | मंगळवार, दुपारी १२:१०
मूळ प्रश्न हरवला वाटतं. दीड वर्षाच्या नातवाचं काय? तेवढं एक वाक्यात सांगा ना कुणीतरी.

गॅमामामा | मंगळवार, १२:३०
एका वाक्यात: त्या संध्याकाळी मांडीवर घेऊन बसू नये, दुसऱ्या दिवसापासून खुशाल घ्यावं.
आता जरा सावकाश. या स्कॅनचा एकूण डोस साधारण २ मिलिसीव्हर्ट. जगात सरासरी माणसाला नुसतं जगण्यातून, माती-हवा-अन्नातून वर्षाला २.४ मिळतात. हा डोस बाबांचा, नातवाला त्याचा अगदी किरकोळ अंश. सक्त बंदी अशी नसतेच, पण उगाच का घ्यायचं म्हणून आम्ही सांगायचो: घरी आल्यावर पाणी भरपूर, लघवीला वारंवार, संडासात दोनदा पाणी टाकायचं, हात धुवायचे. वेगळं ताट-वाटी, वेगळी खोली काही नको. रात्रीत बहुतेक सगळं उतरतं.
घरात कुणी गरोदर असेल तर तिने सोबत म्हणून न्यूक्लिअरच्या वेटिंग हॉलमध्ये बसू नये. तिथे इतर पेशंटही असतात. अंगावर पाजणाऱ्या बाईची स्वतःची तपासणी असेल तर १२ तास पाजायचं थांबवतात, ते आधी विचारून दूध काढून ठेवायचं.

शहापूरचा_माग | मंगळवार, रात्री ९:००
सगळ्यांचे आभार. मामांचा पोटॅशियमचा हिशेब बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, 'म्हणजे मी आधीपासूनच अणुबाँब आहे?' आणि तयार झाले. आई मात्र त्या संध्याकाळी नातवाला घेऊन मावशीकडे वडगावला जाणार म्हणते. काय सांगून उपयोग नाही.
डॉक्टरांना क्ष_किरण म्हणाले तसं स्पष्ट विचारलं. त्यांचं उत्तर: मुख्य प्रश्न फुप्फुसाचा, पाय त्यातच बघून होतो. तारीख मिळाली.

क्ष_किरण | मंगळवार, ९:३५
हे पटतं. छातीचा ताजा एक्स-रे काढून न्या, तो नसेल तर फुप्फुसाचा स्कॅन वाचायला अडचण होते. डॉप्लरचा रिपोर्ट, क्रिएटिनिन आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा. इंजेक्शनं स्वतःहून बंद करू नका.

येळ्ळूरचा_गडी | मंगळवार, ९:४०
आणि सुजलेल्या पावलात शीर सापडत नाही कनी. आमच्या काकांना सलाइनसाठी चार ठिकाणी टोचलेलं. जायच्या आधी पाय कोमट पाण्यात ठेवा म्हणावं.

गॅमामामा | मंगळवार, ९:५५
गडी, पहिल्यांदाच कामाचं बोललास. कोमट पाण्याने शीर वर येते, बरेच ठिकाणी विभागातच टब असतो. पण पाणी तंत्रज्ञाला विचारूनच, जखम असेल तर नको.

शहापूरचा_माग | पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी ६:२०
तपासणी झाली. तासाभराचं काम, सुया टोचायला मात्र निम्मा वेळ गेला. रिपोर्ट: उजव्या बाजूला सगळं सलग. डावीकडे मांडीपर्यंत रेघ आहे, त्याच्या वर ओटीपोटातली शीर दिसत नाही, आणि तिथून आडव्या शिरा उजव्या बाजूला जाताना दिसतात. फुप्फुसात उजव्या खालच्या भागात दोन पाचरीच्या आकाराच्या जागा कोऱ्या, एक्स-रेवर तिथं काही नाही. डॉक्टर म्हणाले, गुठळी ओटीपोटात होती आणि त्यातली थोडी वर गेली असणार. बाबा जेवूलेत, बोलूलेत, चिडूलेत. म्हणजे बरे आहेत.

क्ष_किरण | शुक्रवार, ७:००
डावी बाजू आणि ओटीपोट म्हटल्यावर एक विचारून घ्या. डाव्या ओटीपोटातली शीर उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते आणि काही जणांत तिथं कायम दाबली जाते. तसं असेल तर पुढे व्हॅस्क्युलर सर्जनचं मत लागेल. एमआर व्हेनोग्राफीनेही (एमआरआयवर शिरा बघणं) ही शीर डायशिवाय दिसली असती, हे मी अजून म्हणतोच.

गॅमामामा | शुक्रवार, ७:१५
खुब्यात धातू बसवलाय डॉक्टर, शेजारचं चित्र किती स्वच्छ आलं असतं? आणि फुप्फुसाचं कशात बघितलं असतं?

क्ष_किरण | शुक्रवार, ७:२०
ओटीपोट खुब्याच्या बरंच वर असतं मामा. फुप्फुसाचा मुद्दा मान्य. बाकी कधी हिंडलग्याला आलो की चहा घेत भांडू.

सदलगेकर | शुक्रवार, ७:४५
शहापूरचे, रक्त पातळ करायची औषधं किती दिवस सांगितलीत? आईचाही स्कॅन परवा आहे. (हो, तयार झाली. अल्ब्युमिन कुणाच्या रक्तातलं हे विचारायचं नाही, या अटीवर.)

शहापूरचा_माग | शुक्रवार, ८:१०
निदान तीन महिने, मग पुन्हा बघणार. कुठली गोळी ते किडनी बघून ठरवताहेत, सोमवारी क्रिएटिनिन परत करायचं आहे. तुमच्या आईंना छातीचा एक्स-रे काढून न्यायला सांगा, आमच्या पुढच्या पेशंटला त्यासाठी तासभर थांबवलं होतं.